सहा गाड्यांची शर्यत

आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं याची यादी ठरलेली आहे. शिकागोच्या उंच इमारती, लेक मिशिगनचा काठ, ऑरोराचं बालाजी मंदिर आणि वेळ उरला तर आउटलेट मॉल. या यादीत इंडियानापोलिसचं नाव आजवर कधी आलेलं नाही. "तिथे आहे काय?" असं आमची सौ. विचारते आणि तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आय-६५ ने दक्षिणेला निघालं की तीन तास नुसता मका, सोयाबीन आणि पुन्हा मका. मध्ये पवनचक्क्यांचं एक जंगल लागतं, तेवढाच काय तो विरंगुळा.

तरीसुद्धा २०२५ च्या जूनमध्ये मी हट्टाने सगळ्या कुटुंबाला गाडीत घातलं आणि तिकडे नेलं. कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. बरोबर वीस वर्षांपूर्वी, १९ जून २००५ रोजी, मी तिथे एक मोटारींची शर्यत बघायला गेलो होतो आणि त्या दिवशी एका माणसासाठी टाळ्या वाजवायच्या माझ्याकडून राहून गेल्या होत्या.

आधी जागेविषयी सांगतो. इंडियानापोलिस मोटर स्पीडवे हे प्रकरण शहराबाहेर कुठल्या तरी माळावर असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सोळाव्या रस्त्याला लागून, घरं, पेट्रोलपंप आणि खाण्याची दुकानं यांच्या शेजारी ते बसलेलं आहे. त्या गावाचं नावच मुळी स्पीडवे. अडीच मैलांचा एक लंबगोल रस्ता, चारी बाजूंनी प्रेक्षकांच्या गॅलऱ्या, आणि पोटात एक म्युझियम व चक्क गोल्फच्या मैदानाचे चार होल. खुर्च्याच अडीच लाखांच्या घरात. म्हणजे आमच्या सांगली-मिरज-कुपवाडची निम्मी वस्ती आणून बसवली तरी मावेल!

या जागेचा जन्मच एका चुकीतून झाला. १९०९ साली ट्रॅक बांधला तेव्हा वर खडी आणि डांबर घातलं होतं. त्या ऑगस्टमध्ये पहिल्याच मोटार शर्यतींत तो पृष्ठभाग उखडला, अपघात झाले आणि पाच माणसं गेली. त्यात दोन तर बिचारे प्रेक्षक होते. मालकांनी शर्यती थांबवल्या आणि त्याच वर्षी संपूर्ण ट्रॅकवर बत्तीस लाख विटा बसवल्या. म्हणून या जागेला अजूनही 'ब्रिकयार्ड' म्हणतात. पुढे विटांवर डांबर आलं, पण शर्यत जिथे सुरू होते आणि संपते तिथे एक यार्ड रुंदीचा विटांचा पट्टा मुद्दाम उघडा ठेवला आहे. जिंकणारे तिथे गुडघे टेकून विटांचं चुंबन घेतात. आपण उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतो, तसलाच प्रकार.

१९११ साली इथे पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. रे हॅरून नावाच्या गृहस्थाने ती जिंकली. बाकीच्यांच्या गाडीत मागून कोण येतंय हे सांगायला एक मेकॅनिक बसलेला असे. हॅरून एकटाच होता, म्हणून त्याने गाडीवर एक आरसा बसवला. त्याचा सरासरी वेग ताशी ७५ मैलांच्या आतच होता. आज आय-६५ वर त्या वेगाने गेलं तर मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो! आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. १९३६ साली लुई मेयर तिसऱ्यांदा जिंकला आणि त्याने प्यायला मागितलं ताक. उन्हात ताक चांगलं, असं त्याच्या आईने सांगितलेलं होतं. त्याचीच पुढे प्रथा पडली आणि आता विजेता दुधाची बाटली तोंडाला लावतो. सांगलीकर माणसाला हे गाव आपलं वाटायला एवढं पुरे आहे.

आता २००५ कडे वळू.

मी तेव्हा पर्ड्यू विद्यापीठात एम.एस. करत होतो. लाफायेतहून इंडियानापोलिस तासाभराच्या अंतरावर. आम्ही चार रूममेट होतो. त्यातला एक कोइमतूरचा, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. त्या वर्षी अण्णाचे पाय जमिनीवर नव्हते, कारण त्याच्या गावचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवणारा पहिला भारतीय ठरला होता. जॉर्डन नावाच्या, तेव्हा अखेरच्या घटका मोजणाऱ्या संघाची ती पिवळी गाडी होती. जिंकण्याची आशा नव्हतीच, पण पडद्यावर नावासमोर तिरंगा दिसायचा, तेवढ्यावर आमचा रविवार साजरा व्हायचा.

तो मोसम होताही चुरशीचा. मार्चमध्ये मेलबर्नला सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये शांघायला संपणाऱ्या एकूण १९ शर्यती. आधीची पाच वर्षं लागोपाठ जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाखर मागे पडला होता आणि स्पेनचा अलोन्सो व फिनलंडचा रायकोनन यांची झुंज चालली होती. हे सगळं झालं टायरमुळे. त्या वर्षी एक नवा नियम आला होता. पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत मिळून टायरचा एकच संच वापरायचा. पंक्चर झाला किंवा खराब झाला तरच बदलायचा. मिशेलिनच्या टायरना हे चांगलं जमलं, ब्रिजस्टोनचे टायर वापरणाऱ्या शूमाखरच्या फेरारीला जमेना. पण या नियमाची दुसरी बाजूही होती. २९ मे रोजी जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगला पहिल्या क्रमांकावर असलेल्या रायकोननचा पुढचा टायर एका जागी घासून सपाट झाला. थांबलो तर शर्यत जाईल म्हणून त्याने तो तसाच रेटला. हादऱ्यांनी शेवटच्या फेरीत सस्पेन्शनच मोडलं आणि अलोन्सो जिंकला.

मला यात बाकीच्यांपेक्षा जास्त रस होता, कारण मी टायरवाल्याचा मुलगा. आमच्या आबांचं सांगली-मिरज रस्त्यावर ट्रकचे टायर रिमोल्ड करायचं छोटं दुकान होतं. हळदीचे, द्राक्षांचे ट्रक मुंबईला जाण्याआधी तिथे थांबायचे. आबा लोखंडी पाना घेऊन टायरवर ठोकायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे. आवाज बद्द आला की, "हा जायचा न्हाई." ड्रायव्हर हातापाया पडायचा, "एवढी एक खेप जाऊ दे आबा, माल नासतोय." शेठ येऊन आरडाओरडा करायचा. आबा काही बोलायचे नाहीत, फक्त टायर गाडीपासून वेगळा करून बाजूला ठेवून द्यायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार!

तर इंडियानापोलिस ही त्या मोसमातली नववी शर्यत. शुक्रवारी सरावात राल्फ शूमाखरची टोयोटा तेराव्या वळणावर भिंतीवर आदळली. डाव्या बाजूचा मागचा टायर गेला होता. तेरावं वळण म्हणजे जुन्या लंबगोलाचंच एक टोक. तिथे रस्ता आतल्या बाजूला नऊ अंशांनी कलता आहे. इथल्या नेहमीच्या शर्यतींत गाड्या ते डावीकडे वळत घेतात. फॉर्म्युला वनच्या गाड्या उलट दिशेने, उजवीकडे वळत यायच्या, आणि वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. सगळा भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या टायरवर. शिवाय कलत्या रस्त्यावर गाडी वरून दाबली जाते, तो भार वेगळाच. मिशेलिनने टायर तपासले तर आणखीही काही टायर बिघडलेले निघाले. फ्रान्सहून विमानाने दुसरे टायर मागवले, पण तेही खात्रीचे ठरेनात.

शेवटी मिशेलिनने लेखी कळवलं की तेराव्या वळणावर वेग कमी करण्याची व्यवस्था झाल्याशिवाय आमच्या टायरवर शर्यत करू नये. संघांनी सुचवलं की वळणाआधी शिकेन, म्हणजे वेग मोडणारा नागमोडी रस्ता, घाला. नियामक संस्थेने नकार दिला. त्यांचं म्हणणं, ज्यांनी नीट टायर आणले त्यांना शिक्षा का? तुम्ही त्या वळणावर गाड्या हळू चालवा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि नेमका अशा वेळीच तोडगा निघत नाही, हे मंडळाच्या कमिटीवर काम केलेल्यांना सांगायला नको!

आम्हाला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. कानावर कुजबुज होती, तेवढीच. रविवारी सकाळी डब्यात लिंबूभात आणि चटणी-सँडविच घेऊन, आणि अण्णाने पलंगावरच्या चादरीवर रंगवलेला तिरंगा घेऊन, आम्ही स्वस्तातल्या तिकिटावर आत शिरलो. लाखावर माणसं आली होती. दूरदूरच्या गावांहून, मेक्सिकोहून, ब्राझीलहून. वीस गाड्या पाहणीची फेरी मारायला निघाल्या. त्या आवाजाने छाती हलते, ते टीव्हीवर कळत नाही. फेरी संपत आली आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसलं की गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळतायत. मिशेलिनच्या सगळ्या चौदा गाड्या आत गेल्या. ट्रॅकवर राहिल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी.

त्या सहा गाड्या आपापल्या ठरलेल्या जागी उभ्या राहिल्या, मधली घरं रिकामी. पुढे दोन लाल गाड्या आणि पार मागे चार. लग्नाच्या पंगतीत पानं मांडून ठेवावीत आणि वऱ्हाडच येऊ नये, तसं ते दृश्य होतं.

पहिले काही क्षण कुणाला काही कळलं नाही. मग जो हुर्यो सुरू झाला तो दीड तास थांबला नाही. लोक अंगठे खाली करून ओरडत होते, पैसे परत मागत होते. कुणी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. शेजारचं एक कुटुंब दोन लहान मुलांना घेऊन उठून गेलं, आणि त्यातला धाकटा रडत होता. मीही ओरडलो. मनापासून ओरडलो. विद्यार्थ्याचे साठवलेले डॉलर होते ते! टायर कंपनीचे इंजिनियर काय झोपले होते का, असं मी मराठीत, हिंदीत आणि जमेल त्या इंग्रजीत म्हणून घेतलं.

७३ फेऱ्या झाल्या. शूमाखर पहिला, बारिकेलो दुसरा. फेरारीचा त्या संपूर्ण मोसमातला तो एकमेव विजय. जॉर्डनचा पोर्तुगीज ड्रायव्हर तियागो मोंतेइरो तिसरा आला आणि त्या सुतकी वातावरणात तो एकटाच मनापासून शँपेन उडवत होता. आणि चौथा, नारायण कार्तिकेयन. पाच गुण. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले पहिले गुण.

अण्णा चादर हातात धरून उभा राहिला आणि एकटाच टाळ्या वाजवायला लागला. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी त्याला म्हटलं, "बस की आता, सहातला चौथा तो!" तो बसला नाही. मी मात्र बसूनच राहिलो.

त्या दिवशी अमेरिकेत फादर्स डे होता. संध्याकाळी आठच्या सुमाराला कॉलिंग कार्डावरून सांगलीला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ, आबा दुकानाला निघायच्या तयारीत. फादर्स डे वगैरे सांगितलं असतं तर ते हसले असते, म्हणून तो विषय काढला नाही. शर्यतीची सगळी रामकहाणी सांगितली. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"कुणाला लागलं न्हाई न्हवं?"

"नाही, पण आबा, लाखभर लोक..."

"मग चांगलं झालं की. टायरवर भरवसा न्हाई म्हटल्यावर गाडी सोडायची न्हाई. आणि आपलं पोरगं?"

"चौथा आला. पण सहाच गाड्या होत्या."

"त्याचा टायर चांगला हुता, त्यानं गाडी शेवटपातूर नेली. लोकं शिव्या घालत असताना नेली. तू टाळी वाजवलास का न्हाई?"

मी काही बोललो नाही. आबा म्हणाले, "बरं, चहा उकळतोय," आणि फोन ठेवला.

पुढे मिशेलिनने प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत देऊ केले, आणि पुढच्या वर्षीची वीस हजार तिकिटं विकत घेऊन २००५ च्या प्रेक्षकांसाठी ठेवली. २००६ पासून शर्यतीत टायर बदलायला पुन्हा परवानगी मिळाली. त्याच मोसमानंतर मिशेलिन फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली. अलोन्सो २००५ चा जगज्जेता झाला. इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत २००७ मध्ये झाली. कार्तिकेयनच्या नावावर फॉर्म्युला वनमध्ये एकूण पाचच गुण राहिले, आणि ते पाचही त्याच दिवसाचे.

मला आबांचं म्हणणं कळायला नऊ वर्षं लागली. २०१४ च्या हिवाळ्यात मी एका कारखान्यात शेतीच्या यंत्रांच्या हायड्रॉलिक होजची चाचणी बघत होतो. पेरणीचा हंगाम तोंडावर, माल जायची तारीख ठरलेली. बारा होजपैकी एक होज चाचणीत अपेक्षेच्या बराच आधी फुटला. "अकरा तर टिकले ना? सही कर," असं मला सांगण्यात आलं. मी सही केली नाही. तीन आठवडे माल अडकला. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, तेव्हा तो हुर्यो मला पुन्हा ऐकू आला. फरक इतकाच की या खेपेला मी ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूला होतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण इंजिनियर आहेत, म्हणून हे लिहितोय. वेळेवर म्हटलेल्या 'नाही'चा कधी पुरावा राहत नाही. तो होज शेतावर फुटला असता की नाही, हे कुणालाच कळणार नाही. त्या चौदा गाड्यांपैकी एखादी भिंतीवर गेली असती की नाही, हेही कळणार नाही. टायर आधीच नीट तपासून आणायला हवे होते, ही मिशेलिनची चूक खरीच. पण चूक कळल्यावर लाख माणसांसमोर गाड्या थांबवणं, ही त्यांनी त्या दिवशी केलेली बरोबर गोष्ट होती. आम्ही हुर्यो केला तो नेमका त्या बरोबर गोष्टीचा.

२०२५ च्या त्या सहलीला आमची चौदा वर्षांची कन्या आनंदाने आली, कारण नेटफ्लिक्सच्या कृपेने तिला फॉर्म्युला वनमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही म्युझियम पाहिलं आणि बसमधून ट्रॅकची फेरी घेतली. बस सरळ रस्ता सोडून पहिल्या वळणावर आली. उलट्या बाजूने तेच ते आमचं तेरावं वळण. बस हळूच एका अंगाला कलली.

"हेच? एवढंच?" कन्या म्हणाली.

"एवढंच," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं. टायर, चौदा गाड्या, अण्णाची चादर. सांगलीच्या आजोबांचा फोनही. आबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. तिला ते आठवतात ते पाना घेऊन आमच्या गाडीच्या टायरवर ठोकताना. अमेरिकेच्या एकुलत्या एका भेटीत त्यांनी आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे टायर तपासले होते. शेजाऱ्यांना वाटलं, नवीन मेकॅनिक आणलाय.

शेवटी बस विटांच्या पट्ट्यापाशी थांबली. लोक उतरले, गुडघे टेकून विटांचं चुंबन घेत फोटो काढू लागले. सौ. म्हणाली, "इतक्या लोकांच्या तोंडचं? मुळीच नाही." मी वाकून विटेला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. तेवढ्यात कन्येने विचारलं,

"मग बाबा, तू त्याच्यासाठी नंतर कधी टाळ्या वाजवल्यास का?"

"नाही गं. राहूनच गेलं."

"मग आता वाजव ना."

आजूबाजूला तीस-चाळीस अनोळखी माणसं. सौ.ने डोळ्यांनी 'नको' म्हटलं. पण लेक वाट बघत उभी होती. मी वाजवल्या. तिनेही वाजवल्या. आमचं बघून आणखी दोघातिघांनी वाजवल्या. बसमधल्या गाईडला वाटलं, टाळ्या त्याच्यासाठीच आहेत. त्याने टोपी काढून आम्हाला छानपैकी मुजरा केला.

गाडीत बसल्यावर कोइमतूरला अण्णाला विटांचा फोटो पाठवला. तिकडे मध्यरात्र असावी, तरी लगेच उत्तर आलं, "चौथा?"

मी लिहिलं, "चौथा."